डेव्ही क्रॉकेटचे एक मत

रॅकून नावाच्या प्राण्याच्या कातडीची, मागे पट्टेरी शेपूट लोंबणारी टोपी आणि खांद्यावर लांब नळीची बंदूक. अमेरिकेच्या सरहद्दीवरचा वीर डेव्ही क्रॉकेट बहुतेकांना एवढाच ठाऊक असतो. १९५४ साली वॉल्ट डिस्नेने त्याच्यावर टीव्ही मालिका काढली, तेव्हा तिथल्या मुलांनी अशा टोपीसाठी आईबापांना भंडावून सोडले होते. तिसऱ्या वर्षीच त्याने अस्वल मारले, असेही त्या मालिकेच्या गाण्यात होते. ही अर्थातच दंतकथा! आज आपण त्याची एक खरी गोष्ट पाहू या. आम्हाला ती अस्वलाच्या शिकारीपेक्षा मोठी वाटते.

डेव्हीचा जन्म १७ ऑगस्ट १७८६ रोजी आजच्या टेनेसी राज्यात झाला. त्याचे आजी-आजोबा मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात १७७७ साली मारले गेले होते. वडील रस्त्याकडेची खाणावळ चालवीत आणि कायम कर्जात असत. पोराला शाळेत घातले, तर चार दिवसांत मारामारी करून त्याने शाळा चुकवली. बापाचा मार चुकवण्यासाठी मग घरच सोडले! अडीच वर्षांनी तो परतला तेव्हा खाणावळीत वाटसरूंच्या पंगतीत गुपचूप जेवायला बसला. कोणी ओळखले नाही. शेवटी बहिणीने ओळखले आणि गळ्यात पडली. त्यानंतर वडिलांचे ३६ डॉलरचे कर्ज त्याने सहा महिने राबून फेडले. पुढे आणखी एका सावकाराचे ४० डॉलर त्याने कोणी न सांगता फेडले व फिटलेला कागद बापाच्या हाती दिला.

१८१३ साली क्रीक लोकांशी युद्ध पेटले. जनरल अँड्र्यू जॅक्सनच्या हाताखाली क्रॉकेटही लढायला गेला. तालुशाची गावात सैनिकांनी एक घर आतल्या माणसांसकट जाळले. दुसऱ्या दिवशी भुकेल्या सैनिकांना त्याच घराच्या तळघरात बटाटे सापडले. वरच्या आगीत ते भाजून निघाले होते, माणसांच्या चरबीने माखले होते. सैनिकांनी ते खाल्ले. क्रॉकेटने १८३४ च्या आत्मचरित्रात हे लपवलेले नाही.

पुढे तो खासदार झाला आणि जॅक्सन राष्ट्राध्यक्ष. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील मूळ रहिवाशांना नदीपलीकडे हलवण्याचे विधेयक १८३० मध्ये आले. टेनेसीच्या मतदारांना त्या जमिनी हव्या होत्या. विधेयक १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाले. टेनेसीच्या सदस्यांपैकी विरोधात मत देणारा एकटा क्रॉकेट! चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांनी त्याला पत्र लिहून आभार मानले. मतदारांनी मात्र १८३१ मध्ये त्याला घरी बसवले. १८३३ मध्ये तो पुन्हा निवडून आला, १८३५ मध्ये पुन्हा पडला आणि जमिनीच्या व नव्या सुरुवातीच्या आशेने टेक्सासला निघाला.

त्याला संत ठरवण्याचे कारण नाही. तो स्वतः गुलाम बाळगून होता. टेक्सासने मेक्सिकोविरुद्ध जे बंड केले, त्यात गुलामगिरी टिकवणे हाही एक हेतू होता. त्या बंडात तो आलामोला पोहोचला. ही जागा म्हणजे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १७१८ साली स्थापन केलेले सॅन अँटोनियो द व्हालेरो मिशन. मिशन बंद झाल्यावर तिथे सैनिकांनी तळ दिला होता. जवळच्या सॅन फर्नांडो चर्चच्या मनोऱ्यावरून मेक्सिकोच्या सांता आन्नाने लाल निशाण फडकावले. कोणालाही जीवदान नाही, असा त्याचा अर्थ. तेरा दिवसांच्या वेढ्यानंतर, ६ मार्च १८३६ रोजी आलामो पडले. क्रॉकेट लढता लढता पडला की पकडून मारला गेला, यावर आजही वाद आहे. मृतदेह जाळण्यात आले. सॅन फर्नांडो आता कॅथेड्रल आहे. त्याच्या दाराशी एक संगमरवरी पेटी असून तिच्यात आलामोच्या वीरांची राख असल्याचे सांगतात, इतिहासकारांना मात्र शंका आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८३८ मध्ये, सुमारे १६,००० चेरोकींना सैनिकांनी घराबाहेर काढून पश्चिमेकडे हाकलले. अंदाजे ४,००० जण दगावले. त्यांच्यातले बहुतेक तांडे क्रॉकेटच्या टेनेसीतूनच गेले.