शिवचित्त पेर्माडीदेव : विष्णूच्या देवळांत उरलेला शिवभक्त राजा

कदंब हे नाव गोमंतकीय माणूस दिवसातून दहा वेळा बसगाड्यांवर वाचतो. कारवारच्या नौदल तळालाही तेच नाव आहे. मात्र त्या घराण्यातील एखादा राजा हाडामांसाचा माणूस म्हणून डोळ्यांसमोर आणायचा, तर गोव्यात फारसे काही हाती लागत नाही. झुवारीच्या काठची राजधानी गोपकपट्टण मातीखाली गेली आणि चांदरची जुनी राजधानीही ओस पडली. दिवाडी बेटावर नार्वे येथे असलेले कुलदैवत सप्तकोटीश्वराचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले. आधी बहमनींच्या स्वाऱ्यांत ते पडले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने उभारलेले मंदिर पुढे पोर्तुगीजांनी पाडले. या राजांना भेटायचे असेल तर घाट चढून बेळगाव जिल्ह्यात जावे लागते. चोर्ला घाटाने जांबोटी, तेथून खानापूर आणि नंदगड मागे टाकले की हलशी येते. या वाटेवर ज्याची गाठ हमखास पडते, तो राजा म्हणजे शिवचित्त पेर्माडीदेव. काही ठिकाणी त्याचे नाव परमर्दी असेही लिहितात.

त्याचा जन्म कधी झाला हे कोणत्याही शिलालेखात नाही. कुळ मात्र तपशिलाने नोंदलेले आहे. त्रिपुरासुराच्या वधानंतर शिवाच्या कपाळावरील घामाचा थेंब कदंब वृक्षाखाली पडला आणि त्यातून त्रिलोचन हा मूळपुरुष जन्मला, अशी या घराण्याची कथा. सिंह हे त्यांचे राजचिन्ह आणि हनुमान त्यांच्या ध्वजावर. ज्याने राजधानी चांदरहून गोपकपट्टणला नेली आणि समुद्री व्यापाराने ती वाढवली, त्या पहिल्या जयकेशीच्या वंशात पेर्माडी जन्मला. त्याचे वडील दुसरे जयकेशी. आई मैललदेवी ही कल्याणीचा बलाढ्य चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची कन्या. म्हणजे आजोळ सम्राटाचे आणि घर मांडलिकाचे. या नात्याचा मान मोठा होता, पण त्याने घराचे रक्षण झालेच असे नाही. जयकेशीने चालुक्यांचे जोखड झुगारण्याचा प्रयत्न केला तेव्हा सम्राटाच्या बाजूने सिंद घराण्यातील आचुगी चालून आला आणि त्याने गोपकपट्टण जाळले. सिंदांच्या शिलालेखांत हा पराक्रम अभिमानाने कोरला आहे. पेर्माडीच्या वाट्याला आलेले राज्य हे असे एकदा पोळलेले होते.

1147 च्या सुमारास तो गादीवर आला. धाकटा भाऊ विजयादित्य त्याच्यासोबत राज्यकारभारात होता. भावाभावांत राज्यासाठी रक्त सांडणे ही त्या काळची नित्याची गोष्ट असताना हे दोघे शेवटपर्यंत एकत्र राहिले, याचे नवल वाटते. दोघांची बिरुदेही जोडीची आहेत. थोरला शिवचित्त, म्हणजे ज्याचे चित्त शिवाच्या ठायी आहे असा. धाकटा विष्णुचित्त. घाटाखालील कोकण नऊशे आणि घाटावरील पलसिगे बारा हजार हे त्यांच्या राज्याचे दोन मुख्य प्रांत. पलसिगे म्हणजेच आजची हलशी. बनवासीच्या प्राचीन कदंबांच्या काळीही ते राजधानीचे गाव होते आणि त्या राजांनी जैन मंदिरांना दिलेल्या दानांचे ताम्रपट तेथेच सापडले. गोव्याच्या कदंबांनी या जुन्या नगरीला दुसऱ्या राजधानीचा मान दिला.

पेर्माडीच्या कारकिर्दीत घाटावर मोठी उलथापालथ झाली. कलचुरी बिज्जळाने कल्याणीचे सिंहासन बळकावले. त्याच्याच राजधानीत बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली आणि पुढे त्या नगरीत रक्तपात झाला. ज्या साम्राज्याच्या आश्रयाने कदंब मोठे झाले, ते असे डोळ्यांदेखत खचत होते. या वादळात पेर्माडीने मोठे युद्ध जिंकल्याची कीर्ती नाही, पण राज्य गमावल्याचीही नोंद नाही. सिंहाची मुद्रा आणि सप्तकोटीश्वराचे नाव असलेली त्याची सोन्याची नाणी आज संग्रहालयांत दिसतात.

त्याच्या शिलालेखांत आणखी एक वेगळेपण आहे. आजूबाजूचे राजे शक संवत वापरीत किंवा चालुक्यांचा विक्रम संवत. हा दुसरा संवत तर पेर्माडीच्या आजोबांनीच 1076 मध्ये सुरू केला होता. नातवाने मात्र आपल्या लेखांत कलियुगाची वर्षे घातली. चालुक्यांचे वर्ष लिहिणे म्हणजे त्यांचे स्वामित्व मान्य करणे. ते टाळण्याचा हा सभ्य मार्ग असावा, असे मला वाटते.

या कलियुगाच्या हिशेबाने 4270 साली, म्हणजे इसवी सन 1169 मध्ये, पेर्माडीने हलशीला नरसिंहाची प्रतिष्ठापना केली. हलशी पाहायला गेलेला माणूस येथे थबकतो. मंदिरात दोन गाभारे आहेत आणि ते एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. एका बाजूस पेर्माडीच्या काळातील देव, समोर भूवराहाची उंच मूर्ती. ही भूवराहमूर्ती विजयादित्याच्या काळात, 1186-87 मध्ये बसवली गेली. मधल्या मंडपातील गार फरशीवर उभे राहिले की दोन भावांच्या मधोमध उभे असल्यासारखे वाटते. ज्याच्या नावातच शिव आहे, त्याने आपल्या दुसऱ्या राजधानीत विष्णूच्या अवताराला स्थान दिले. शिवमंदिरांचीही गावात वाण नाही. कपिलेश्वर, गोकर्णेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर, शिवाय टेकडीवरचा रामेश्वर आणि जवळच जैन बस्ती. टेकडीवर चढले की कौलारू घरे आणि भातखाचरे यांच्या मधून ही देवळे डोकी वर काढताना दिसतात, आणि पश्चिमेला गोव्याकडे उतरणारे सह्याद्रीचे रान.

हलशीहून पूर्वेला कित्तूरच्या बाजूस देगाव आहे. शिलालेखांत त्याचे नाव देगांवे. राणी चन्नम्माच्या वाड्याचे अवशेष पाहायला कित्तूरला पुष्कळ लोक जातात, पण तेथून अगदी जवळ असलेल्या या गावाकडे वळणारे थोडे. पेर्माडीच्या आयुष्यातील जी बाजू मला सर्वांत जिवंत वाटते ती येथे आहे. त्याची राणी कमलादेवी ही कामदेव नावाच्या राजाची आणि चट्टलदेवीची मुलगी. तिच्या इच्छेवरून 1174 मध्ये देगावला अग्रहार वसवला गेला. वेद आणि शास्त्रे जाणणाऱ्या ब्राह्मणांना तेथे जमिनी दिल्या आणि मंदिर उभे राहिले. नाव कमलनारायण. देवाच्या नावात राणीचे नाव असे गुंफले की लक्ष्मीचेही तेच नाव असल्याने कोणाला बोट ठेवता येऊ नये. तीन गाभारे ओळीने आहेत. एकात नारायण, दुसऱ्यात मांडीवर लक्ष्मी घेतलेला नारायण, तिसऱ्यात देवी कमला. चरकावर कातल्यासारखे गुळगुळीत खांब आणि छतातून खाली झुकलेली दगडी कमळे पाहताना सुर्लच्या महादेव मंदिराची आठवण गोमंतकीयाला आल्यावाचून राहत नाही.

देऊळ दाखवणारी स्थानिक मंडळी ते जखणाचार्यांनी एका रात्रीत बांधल्याचे श्रद्धेने सांगतात. या भागातील प्रत्येक जुन्या देवळाला ही कथा चिकटलेली आहे. शिलालेख मात्र वेगळे नाव सांगतो. कारागीर होता तिप्पोज. राजाराणीच्या नावाबरोबर दगड घडवणाऱ्याचेही नाव टिकले, अशी उदाहरणे आपल्याकडे कमीच. आपण ते सोडून दंतकथेला धरून बसतो, हे मला खटकते. एकोणिसाव्या शतकात फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेख वाचून छापले, तर 1931 मध्ये गोमंतकीय इतिहासकार जॉर्ज मोरायस यांनी 'कदंब कुल' या इंग्रजी ग्रंथात घराण्याचा सलग इतिहास मांडला. त्याआधी पेर्माडी हे नाव कोणाच्या स्मरणात नव्हते.

1180 च्या दशकात तो इतिहासातून नाहीसा होतो. मृत्यू कोठे आणि कसा झाला, याबद्दल दगड मुके आहेत. राज्य भावाकडे राहिले आणि 1187-88 च्या सुमारास भावाचा मुलगा तिसरा जयकेशी गादीवर आला. पेर्माडी आणि कमलादेवी यांची वंशवेल पुढे राज्य करताना दिसत नाही. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या आणि त्यानंतर गोपकपट्टणही राहिले नाही. ज्या सप्तकोटीश्वराचे नाव त्याने नाण्यांवर घातले, त्याचे लिंग पोर्तुगीजांच्या तावडीतून नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नेले गेले. 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथे मंदिर बांधण्याची आज्ञा केली.

नार्वेच्या त्या मंदिरात जाणाऱ्या भाविकांना शिवरायांची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. पेर्माडीचे नाव तेथे कोणी काढत नाही. हलशीला आणि देगावला मात्र, जेथे त्याचा आराध्यदेव मुख्य गाभाऱ्यात नाही, तेथे अजून सकाळी दिवा लागतो.