बर्नार्ड पॅलिसी : भट्टीपुढची पंधरा-सोळा वर्षे

बिघडलेले काम दडवावे की तपासावे? फ्रान्सचे कुंभार बर्नार्ड पॅलिसी यांचे जीवन आपल्याला याचे उत्तर देते.

सुमारे १५१० साली जन्मलेल्या पॅलिसींनी एकदा शुभ्र झिलईचा सुंदर पेला पाहिला आणि तशीच झिलई साधण्याचा ध्यास घेतला. सेंत गावी घरीच भट्टी बांधली. झिलई वितळेना आणि सरपण संपले, तेव्हा घरातली मेजे व जमिनीच्या फळ्याही जाळल्या. घरी बोलणी, गावात थट्टा!

पुढे भट्टीच्या चुन्यातील गारगोट्या तापून फुटल्या. कपच्या झिलईत रुतल्या. कर्ज असूनही त्यांनी ती सदोष भांडी स्वस्तात विकली नाहीत, फोडून टाकली. मग भांड्यांवर राख चिकटू लागली, तेव्हा ती मातीच्या डब्यांत झाकून भाजली. प्रत्येक दोषाचे कारण शोधत पंधरा-सोळा वर्षांनी यश आले. राजघराण्याचे काम मिळाले. १५८० मध्ये त्यांनी हे अनुभव पुस्तकात मांडले. धर्ममत न सोडल्याने सुमारे १५९० मध्ये बॅस्टिलच्या कैदेत त्यांचे निधन झाले.

पालकहो, मुलांची पहिली भट्टी बिघडली तर रागावू नका. कुठे चुकले, ते त्यांच्यासोबत बसून पाहा, एवढीच आमची विनंती.