जंतू मारणारे औषध शोधणारा शेतकऱ्याचा मुलगा : अलेक्झांडर फ्लेमिंग

११ मार्च : पुण्यतिथी विशेष

ताप उतरला, बरं वाटलं, की उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवायच्या आणि पुढे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायच्या, ही सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे. या सवयीचा धोका १९४५ सालीच जगाला सांगणारा माणूस म्हणजे पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावाजवळच्या शेतवस्तीवर झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे शिक्षणासाठी ते लंडनला भावाकडे गेले. एका जहाज कंपनीत चार वर्षे कारकुनी केली. चुलत्याच्या वारशातून थोडे पैसे हाती आले, तेव्हा १९०१ मध्ये सेंट मेरीज रुग्णालयाच्या महाविद्यालयात त्यांनी डॉक्टरीला प्रवेश घेतला.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत होते. तेव्हा जखमेत जहाल जंतुनाशक ओतत. फ्लेमिंग यांच्या लक्षात आले की खोल जखमेतले जंतू तसेच राहतात, उलट जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच आधी मरतात. म्हणजे तणनाशक मारावे, तण राहावे आणि पीक जळावे, तशी गत. पीक राखून फक्त तण मारणारे औषध हवे होते.

ते सापडले सप्टेंबर १९२८ मध्ये. सुट्टीवरून परतल्यावर जंतू वाढवलेल्या एका काचेच्या बशीत त्यांना बुरशी आलेली दिसली. बुरशीच्या आजूबाजूचे जंतू मात्र नाहीसे झाले होते. बुरशीतून पाझरणाऱ्या या पदार्थाला त्यांनी पेनिसिलिन नाव दिले.

हे औषध काम कसे करते? जंतूभोवती एक टणक भिंत असते. जंतू वाढताना ही भिंत बांधत जातो, पेनिसिलिन ते बांधकामच अडवते. भिंत कच्ची राहिली की जंतू फुटून मरतो. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून त्या वाचतात. सर्दीच्या विषाणूलाही ती नसते. म्हणूनच साध्या सर्दीत अशा गोळ्या घेऊन काही उपयोग होत नाही.

फ्लेमिंग यांना हे औषध शुद्ध स्वरूपात काढता आले नाही. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या गटाने केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथे एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचले. जंतू अंगभर पसरून तो मरणाच्या दारात होता. एका दिवसात त्याला उतार पडला. पण औषध मूत्रपिंडावाटे भराभर बाहेर पडत होते. साठा इतका कमी, की त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा टोचले. शेवटी तेही संपले, आजार उलटला आणि मार्चमध्ये शिपाई दगावला.

दिवसातून दोनदा किंवा तीनदा गोळी घ्या, असे डॉक्टर का सांगतात, ते इथे कळते. औषध रक्तात मिसळते, आपले काम करते आणि मग शरीर ते बाहेर टाकते. रक्तातले प्रमाण फार खाली जाण्याआधी पुढचा डोस पोटात जायला हवा.

१९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळाले. त्या वेळच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला दाद न देणारे होतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती जाते. दोष नवऱ्याच्या हलगर्जीपणाचा.

आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पेनिसिलिनसाठीच उभा राहिला. ११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे लंडनमध्ये निधन झाले. त्यांनी सांगितलेला धोका मात्र आज खरा ठरला आहे. अनेक जंतू जुन्या औषधांना जुमानत नाहीत.

म्हणून अशी गोळी लिहून दिली, तर किती, किती वेळा आणि किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून घ्या. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ आले असेल किंवा धाप लागली असेल, तर तेही आधीच सांगा.