कसूरची अल्लावसाई ते मलिका-ए-तरन्नुम: सहाव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत गाणाऱ्या नूरजहाँबाईंची कहाणी

कोल्हापूर, साल 1944. मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्सच्या 'बडी माँ' या हिंदी चित्रपटाचं काम सुरू होतं. नायिका होती पंजाबातून आलेली नूरजहाँ. वय जेमतेम अठरा, पण नाव देशभर झालेलं. त्याच कंपनीत चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी किरकोळ भूमिका करून घर चालवत होती. वडील वारलेले, पाठीमागे धाकटी भावंडं. विनायकरावांनी या मुलीची नूरजहाँशी ओळख करून दिली आणि तिला गायला सांगितलं. मुलीनं जयजयवंती राग गायला. नूरजहाँ खूश झाली आणि रियाज सोडू नकोस, असं तिला सांगितलं. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. 'बडी माँ'मध्ये लतादीदी आणि आशाताई या दोघींच्याही छोट्या भूमिका आहेत.

लतादीदींना आपण घरचं माणूस मानतो. पण सुरुवातीला त्या ज्या बाईसारखं गायला बघत होत्या, ती बाई कोण, कुठून आली, तिचं पुढं काय झालं, हे आपल्याकडच्या नव्या पोरांना फारसं माहीत नाही.

कसुरी मेथीच्या गावात जन्म

आपण भाजीत जी कसुरी मेथी टाकतो, तिचं नाव ज्या गावावरून पडलं, ते कसूर आज पाकिस्तानात आहे. लाहोरपासून साधारण 50 किलोमीटरवर, भारताच्या सीमेला लागून. बुल्लेशाहांचा दर्गा तिथलाच. थोर गायक बडे गुलाम अली खाँसाहेबही तिथलेच. याच गावात 21 सप्टेंबर 1926 रोजी गाण्या-बजावण्यावर पोट असलेल्या एका मुसलमान घरात मुलगी झाली. नाव ठेवलं अल्लावसाई. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, मिळकत बेताची.

पोरीचा गळा पाच-सहा वर्षांची असतानाच घरच्यांच्या ध्यानात आला. तिला शास्त्रीय गाणं शिकायला बसवलं आणि थोड्याच दिवसांत दोन थोरल्या बहिणींबरोबर स्टेजवर उभं केलं. मग सगळं कुटुंब कलकत्त्याला गेलं. तेव्हा नाटक आणि सिनेमाचा मोठा धंदा तिथं होता. तिथं अल्लावसाईची 'बेबी नूरजहाँ' झाली. 1935 साली कलकत्त्यात तयार झालेल्या 'पिंड दी कुडी' या पंजाबी बोलपटात तिघी बहिणी दिसल्या. शाळेत जायच्या वयात ही पोर घरात पैसा आणत होती.

त्या काळचा सिनेमा आजच्यासारखा नव्हता, हे इथं ध्यानात घ्यायला हवं. आज पडद्यावर एक तोंड हलवतं आणि मागून दुसरा गातो. तेव्हा ही सोय नुकतीच येऊ लागली होती. जिला गाता येत नाही तिला नायिका होणं अवघड. उलट जिला गाता येतं, तिच्या गरिबीकडं कुणी बघत नसे. नूरजहाँची गाडी इथंच रुळावर आली.

विटांवर उभी राहिलेली नायिका

1938 च्या आसपास कुटुंब पंजाबात परतलं. लाहोरला दलसुख पंचोलींची कंपनी होती आणि तिथं मास्टर गुलाम हैदर हे संगीतकार होते. 1939 चा 'गुल बकावली' आणि 1940 चा 'यमला जट' हे दोन पंजाबी चित्रपट आले. गुलाम हैदरांच्या चालींवर या कोवळ्या पोरीचा आवाज असा बसला की पंजाबभर तिच्या रेकॉर्डी वाजू लागल्या.

1942 साली 'खानदान' आला. नूरजहाँ नायिका आणि नायक कोण, तर प्राण! पुढं ज्यांना बघून बायाबापड्या बोटं मोडायच्या, तेच खलनायक प्राण. नूरजहाँची उंची इतकी कमी होती की जवळून चित्रण करताना तिला विटांवर उभं करावं लागे, असा किस्सा सांगतात. 'खानदान' देशभर चालला. दिग्दर्शक होते शौकत हुसेन रिझवी. पुढं नूरजहाँनं त्यांच्याशीच लग्न केलं आणि दोघं मुंबईत आले.

मुंबईतली वर्षं मोजून चार-पाच. पण त्या वर्षांत नूरजहाँबाईंनी काय काम केलं! 1945 मध्ये 'बडी माँ', 'गाँव की गोरी' आणि 'झीनत'. 'झीनत'मध्ये बायकांनी गायलेली कव्वाली होती. आपल्या सिनेमातली बायकांची पहिली कव्वाली म्हणून ती आजही सांगितली जाते. 1946 ला मेहबूब खान यांचा 'अनमोल घडी' आला. संगीत नौशाद यांचं, सोबतीला सुरेंद्र आणि सुरैया. सुरेंद्रबरोबरचं त्यातलं नूरजहाँचं द्वंद्वगीत आजही मोबाईलवर लावलं की म्हातारी माणसं बोलणं थांबवतात. 1947 ला 'जुगनू' आला, दिलीपकुमार यांच्या सुरुवातीच्या मोठ्या यशांपैकी एक. त्यात नूरजहाँबरोबर एक गाणं मोहम्मद रफी यांनी गायलं. रफी तेव्हा नवखे होते.

लेखक सआदत हसन मंटो तेव्हा मुंबईच्या सिनेमातच होते. त्यांनी पुढं नूरजहाँवर एक लेख लिहिला. त्यात एक गंमत आहे. गाणारी माणसं आंबट-तेलकट टाळतात, गळा जपतात. या बाई मात्र तेलात मुरलेलं लोणचं भरपूर खात, वर बर्फाचं पाणी पीत आणि मग माईकसमोर उभ्या राहत. आवाजाला ढिम्म काही होत नसे. अर्थात, हे घरी कुणी करून बघू नये.

दारं बंद झाली

मग फाळणी झाली. दिलीपकुमार, रफी, नौशाद मुंबईतच राहिले. नूरजहाँ आणि शौकत यांनी पाकिस्तान निवडलं. मुंबईत नाव, पैसा, काम सगळं होतं. ते सोडून जाणं म्हणजे बागायत टाकून माळावर नांगर धरण्यासारखं होतं. लाहोरची फिल्म इंडस्ट्री त्या दंग्यांत उद्ध्वस्त झाली होती. निर्माते, तंत्रज्ञ मोठ्या संख्येनं भारतात निघून आले होते. निर्माते रूप शोरी मुंबईला आले आणि त्यांचा लाहोरचा जळका स्टुडिओ रिझवी यांना मिळाला. तो पुन्हा उभा करून त्याचं नाव ठेवलं शाहनूर.

1951 साली तिथं 'चन वे' हा पंजाबी चित्रपट तयार झाला. त्याच्या दिग्दर्शनात नूरजहाँचं नाव आहे. त्यामुळं पाकिस्तानातली पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांचीच नोंद होते. 1952 चा 'दुपट्टा' तर सीमा ओलांडून भारतातही गाजला.

इकडं मुंबईत गायिकेची मोठी जागा रिकामी झाली होती. गुलाम हैदरांनी 1948 साली 'मजबूर'मध्ये लता मंगेशकरांना मोठी संधी दिली. म्हणजे ज्या माणसानं नूरजहाँला घडवलं, त्यानंच लताला पुढं आणलं. नंतर तेही पाकिस्तानात गेले. नूरजहाँ इथं राहिल्या असत्या तर लतादीदी इतक्या मोठ्या झाल्या असत्या का, हा वाद जुने रसिक अजून घालतात. खरं तर दोघींचे गळे वेगळे होते, आणि काळही गाणाऱ्या नायिकांकडून पार्श्वगायिकांकडं चालला होता. दोघींनाही जागा होती. फक्त एका देशात मिळाली नाही.

सरहद्दीवरची भेट

या दोघींच्या भेटीची एक हकिकत संगीतकार सी. रामचंद्र यांनी आपल्या मराठी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. रामचंद्र म्हणजे आपले नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर अण्णा. 1950 नंतरची एक-दोन वर्षं. लतादीदी आणि अण्णा अमृतसरला होते. लाहोर तिथून हाकेच्या अंतरावर. दीदींना नूरजहाँची आठवण अनावर झाली. फोन लागला, बोलणं झालं, पण त्यानं भागेना. भेटायचं तर कागदपत्रं हवीत, आणि ती तर नव्हती. शेवटी ओळखीपाळखीनं परवानगी काढून दोन्ही देशांच्या फौजांमधल्या मोकळ्या पट्ट्यात भेट ठरली.

नूरजहाँ नवऱ्यासोबत तिकडून आल्या, लतादीदी इकडून. दोघी एकमेकींकडं धावल्या, गळ्यात पडल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले, दोन्हीकडच्या शिपायांचेही. लाहोरहून आणलेली मिठाई वाटली गेली. थोड्या वेळानं दोघी आपापल्या दिशेला परतल्या. कोल्हापुरातल्या त्या ओळखीला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती, आणि भेटायला फौजेची परवानगी लागत होती.

संसार दोनदा मोडला

बाईंच्या घरात मात्र आग लागली होती. तीन मुलं झाल्यावर, 1953 च्या सुमारास शौकत आणि त्या वेगळे झाले. स्टुडिओ शौकत यांच्याकडं राहिला. नूरजहाँबाईंच्या हाती उरला गळा. 'इंतजार', 'अनारकली', 'कोयल' असे चित्रपट त्यांनी केले. ख्वाजा खुर्शीद अन्वर यांच्या चालींनी त्यांच्या गाण्याला नवी धार आली.

1959 मध्ये त्यांनी एजाज दुर्रानी या नटाशी लग्न केलं. तो त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. लग्नानंतर पडद्यावरचं काम सोडावं, असं घरून ठरलं. 1961 चा 'गालिब' हा नायिका म्हणून त्यांचा अखेरचा मोठा चित्रपट. वय पस्तीस. पोरपणापासून ज्या पडद्यानं भाकरी दिली, तो बंद.

नूरजहाँबाई घरी बसल्या नाहीत. 1960 पासूनच त्यांनी दुसऱ्या नायिकांसाठी आवाज द्यायला सुरुवात केली होती. आजवर जी स्वतःच्या चेहऱ्यासाठी गायली, ती आता पडद्यामागं उभी राहून इतरांच्या चेहऱ्यासाठी गाऊ लागली. मानी बाईला हे सोपं गेलं नसणार. पण या दुसऱ्या डावात त्या पहिल्यापेक्षा मोठ्या झाल्या. 1962 च्या 'कैदी'मध्ये त्यांनी फैज अहमद फैज यांची नज्म गायली. ती इतकी गाजली की आता ती नूरजहाँचीच झाली, असं खुद्द फैज म्हणत, असं सांगतात. 1970 चा 'हीर रांझा' आला. रांझा होते एजाज आणि हीरसाठी गळा होता नूरजहाँचा. म्हणजे नवऱ्याची नायिका दुसरी आणि तिचा आवाज बायकोचा! त्याच सुमारास हे लग्नही मोडलं. या लग्नाच्या तीन मुली होत्या. सहा लेकरं आणि कमावणारी एकटी आई.

1965 चं युद्ध झालं तेव्हा बाई लाहोर रेडिओवर गेल्या आणि पाकिस्तानी सैनिकांसाठी एकामागून एक गाणी रेकॉर्ड केली. ते युद्ध आपल्याशीच होतं, ही गोष्ट लपवायची नाही. दोनच वर्षांपूर्वी लतादीदींनी दिल्लीत आपल्या शहीद जवानांसाठी गाऊन सगळ्या देशाला रडवलं होतं. सरहद्दीवर गळ्यात गळा घालून रडलेल्या या दोघी आपापल्या देशासाठी गायल्या. कुणी कुणाचा राग धरला नाही.

पुढची वीस-पंचवीस वर्षं पंजाबी सिनेमाची होती. सिनेमे मारधाडीचे, गाणी कधी कधी अगदी सवंग. जुन्या रसिकांनी नाकं मुरडली, आणि त्यातली काही गाणी त्यांच्या गळ्याच्या तोलाची नव्हती हे खरंच आहे. पण अंजुमनसारख्या निम्म्या वयाच्या नायिकेच्या तोंडी पन्नाशी उलटलेल्या बाईचा आवाज शोभत होता, हेही तितकंच खरं. आणि घरही त्याच गाण्यांवर चालत होतं.

पस्तीस वर्षांनी मुंबई

फेब्रुवारी 1982. भारतीय बोलपटाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुंबईत षण्मुखानंद सभागृहात मोठा सोहळा झाला. नूरजहाँबाईंना खास बोलावणं होतं. 1947 नंतर पहिल्यांदाच त्या मुंबईच्या स्टेजवर येत होत्या. त्यांची ओळख करून द्यायला उभे राहिले 'जुगनू'चे दिलीपकुमार. जुन्या मंडळींच्या भेटी झाल्या, लतादीदीही भेटल्या. नूरजहाँबाईंनी 'अनमोल घडी'तलं ते गाणं धरलं. आवाज आता जाड झाला होता, पहिल्यासारखा पातळ राहिला नव्हता. पण सूर जागच्या जागी होता आणि सभागृहात रुमाल निघाले. त्या कार्यक्रमाचं चित्रण आज मोबाईलवर बघायला मिळतं. साडी, दागिने, ठसक्यात उभी बाई, आणि गाता गाता मध्येच भरून आलेला चेहरा. एकदा जरूर बघा.

1986 साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. हृदयाची बायपास करावी लागली. तरी गाणं सुटलं नाही. 1996 च्या 'सखी बादशाह' या पंजाबी चित्रपटासाठी त्यांनी शेवटचं गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. थोरली मुलगी जिल्ले हुमा हीसुद्धा गायिका झाली.

शेवटचे दिवस कराचीत मुलींजवळ गेले. 23 डिसेंबर 2000 रोजी, रमजानच्या महिन्यात, हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. ती सत्ताविसाव्या रोज्याची रात्र होती, मुसलमान समाजात फार पवित्र मानतात ती. त्याच रात्री कराचीतल्या गिझरी कब्रस्तानात त्यांचं दफन झालं.