फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव: फारुख बुलसारा, ५ सप्टेंबर १९४६, स्टोन टाउन, झांझिबार – २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हे ब्रिटिश गायक, गीतकार, संगीतकार आणि पियानोवादक होते. 'क्वीन' या रॉक बँडचे ते मुख्य गायक होते. पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले. १९७५ साली प्रसिद्ध झालेला 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' हा अल्बम आणि त्यातील 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' हे गीत यांमुळे ते जगभर ओळखले जाऊ लागले. हा अल्बम तयार होत असताना बँड आर्थिकदृष्ट्या अत्यंत अडचणीत होता. तो अपयशी ठरला असता तर क्वीन टिकला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे.

जन्म आणि बालपण

फारुख यांचा जन्म झांझिबार बेटावर झाला. झांझिबार त्या वेळी ब्रिटिश संरक्षणाखाली होते. वडील बोमी बुलसारा हे तेथील उच्च न्यायालयात रोखपाल म्हणून ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. आईचे नाव जेर. गुजरातमधील बुलसार (आताचे वलसाड) या गावावरून या कुटुंबाचे आडनाव पडले आहे. घरात जरथुष्ट्री धर्माचे आचार पाळले जात.

पाचगणीतील शिक्षण

१९५५ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, फारुख यांना शिक्षणासाठी भारतात पाठविण्यात आले. सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण ब्रिटिश काळापासून निवासी शाळांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील सेंट पीटर्स स्कूल या इंग्रजी पद्धतीच्या शाळेत त्यांनी प्रवेश घेतला. घर समुद्रापलीकडे असल्याने सुट्टीतही त्यांना प्रत्येक वेळी झांझिबारला जाता येत नसे. अशा वेळी ते मुंबईत नातेवाइकांकडे राहत. 'फ्रेडी' हे नाव त्यांना शाळेतच मिळाले आणि पुढे घरची मंडळीही त्याच नावाने त्यांना हाक मारू लागली.

शाळेत त्यांनी पियानोचे पद्धतशीर शिक्षण घेतले आणि चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. चित्रकला, टेबल टेनिस आणि मुष्टियुद्ध यांतही त्यांना गती होती. चार शाळासोबत्यांसह त्यांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी हा वृंद शाळेच्या कार्यक्रमांतून सादर करीत असे. विशेष म्हणजे या वृंदाचे मुख्य गायक फ्रेडी नव्हते. ते पियानो वाजवीत आणि मागून साथीला गात.

१९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे क्रांती होऊन सुलतानाची राजवट उलथवण्यात आली. या उठावात अरब व भारतीय वंशाचे हजारो लोक मारले गेले. बुलसारा कुटुंब जे काही बरोबर नेता आले ते घेऊन इंग्लंडला निघाले आणि लंडनजवळील फेल्टम येथे एका लहान घरात स्थायिक झाले.

लंडनमधील सुरुवात

आयलवर्थ येथील तंत्रनिकेतनात काही काळ शिकल्यानंतर फ्रेडी यांनी ईलिंग कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९६९ मध्ये त्यांना आरेखन कलेची पदविका मिळाली. या काळात त्यांनी हीथ्रो विमानतळावर सामान हाताळण्याचे कामही केले. महाविद्यालयातील सहाध्यायी टिम स्टॅफेल हे 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये गात असत. त्याच बँडमधील गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याशी फ्रेडी यांची मैत्री झाली. केन्सिंग्टन मार्केटमध्ये टेलर आणि फ्रेडी जुन्या कपड्यांचा एक ठेला चालवीत.

१९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडले आणि त्यांच्या जागी फ्रेडी आले. बँडला 'क्वीन' हे नाव त्यांनीच सुचविले. याच सुमारास त्यांनी स्वतःचे आडनाव बदलून 'मर्क्युरी' असे केले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन सामील झाले आणि चौकडी पूर्ण झाली. ती मर्क्युरी यांच्या मृत्यूपर्यंत बदलली नाही. बँडचे बोधचिन्हही मर्क्युरी यांनी रेखाटले. चौघांच्या राशींनुसार त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या असून वर फिनिक्स पक्षी पंख पसरून बसलेला आहे.

प्रसिद्धी आणि दारिद्र्य

क्वीनचे पहिले दोन अल्बम १९७३ आणि १९७४ मध्ये आले. १९७४ च्या अखेरीस मर्क्युरी यांचे 'किलर क्वीन' हे गीत ब्रिटिश विक्री यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. १९७५ च्या वसंतात जपानमध्ये विमानतळावरच हजारो चाहते त्यांच्या स्वागताला जमले होते. परंतु या लोकप्रियतेतून चौघांच्या हाती फारसे काही पडत नव्हते. त्यांचा करार ट्रायडंट या निर्मितीसंस्थेशी होता आणि त्यानुसार त्यांना आठवड्याला ठरावीक वेतन मिळे. संस्थेच्या मते बँडवर आधी झालेला मोठा खर्च वसूल होणे बाकी होते. बँडच्या मते विक्रीचा पैसा भलतीकडेच जात होता. जपानमध्ये गर्दी आवरायला पहारेकरी लागत होते आणि लंडनमध्ये परतल्यावर भाड्याच्या साध्या खोल्यांत राहावे लागत होते.

१९७५ च्या उन्हाळ्यात हा करार तडजोडीने संपला. मोकळे होण्यासाठी बँडला एक लाख पौंड द्यावे लागले. शिवाय पुढील सहा अल्बमच्या स्वामित्वधनातील एक टक्का वाटाही ट्रायडंटला द्यावा लागला. त्या वेळी एल्टन जॉन यांचे व्यवस्थापक असलेले जॉन रीड यांनी क्वीनचे काम स्वीकारले. पैशाची बाजू आपण सांभाळतो, तुम्ही तुमचा सर्वोत्तम अल्बम करा, असे त्यांनी चौघांना सांगितल्याचे बँडच्या सदस्यांनी नंतर नमूद केले आहे. या वादाचा कडवटपणा अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, 'डेथ ऑन टू लेग्ज'मध्ये, उतरला आहे. मर्क्युरी यांनी इतके विखारी गीत पुन्हा क्वचितच लिहिले.

'अ नाइट ॲट दि ऑपेरा'

अल्बमचे ध्वनिमुद्रण ऑगस्ट ते नोव्हेंबर १९७५ या काळात झाले. निर्माते रॉय थॉमस बेकर होते. वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत सुरुवात झाली आणि पुढे लंडनमधील अनेक स्टुडिओत एकाच वेळी काम चालू राहिले; एक सदस्य एकीकडे गात असे, तर दुसरा दुसरीकडे गिटार वाजवीत असे. खर्च सुमारे ४० हजार पौंडांवर गेला. रॉक संगीतातील त्या काळच्या सर्वांत महागड्या ध्वनिमुद्रणांत त्याची गणना होते. अल्बमचे नाव मार्क्स बंधूंच्या १९३५ मधील विनोदी चित्रपटावरून घेतले आहे.

बारा गाण्यांपैकी पाच मर्क्युरी यांची आहेत. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे संथ प्रेमगीत आहे. त्यासाठी ब्रायन मे यांनी हार्प हे तंतुवाद्य वाजविले. 'सीसाइड रांदेव्हू' हे जुन्या ब्रिटिश संगीतशाळांच्या थाटाचे हलकेफुलके गाणे आहे. त्यातील फुंकवाद्यांचे आवाज मर्क्युरी आणि टेलर यांनी तोंडाने काढले, तर नृत्यातील बुटांचा टपटपाट बोटांत शिंप्यांची अंगुस्ताने घालून ध्वनिमिश्रणाच्या मेजावर वाजविला आहे. डीकन यांनी 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' हे गीत विद्युत पियानोवर रचले. मर्क्युरी यांना ते वाद्य आवडत नसल्याने वाजवलेही डीकन यांनीच.

'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी'

या गीताचे तुकडे मर्क्युरी यांच्या डोक्यात बरीच वर्षे घोळत होते. बेकर यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, मर्क्युरी यांनी त्यांना घरी पियानोवर सुरुवातीचा भाग वाजवून दाखविला, मध्येच थांबले आणि येथे ऑपेराचा भाग येईल असे सांगितले. बेकर यांना आधी ती थट्टाच वाटली. गीताला ध्रुवपद नाही. संथ पियानोगीत, ऑपेराच्या धर्तीवरील समूहगान आणि जोरकस रॉक हे तीन भाग एकापुढे एक येतात आणि शेवटी गीत पुन्हा संथ होत विझते. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद आहे.

मूळ वादनाच्या मुद्रणात ऑपेराच्या भागासाठी नुसती रिकामी जागा सोडलेली होती, आणि मर्क्युरी दररोज नवीन ओळी घेऊन येत असल्याने ती वाढतच गेली. या भागातील सगळा गायकवृंद म्हणजे फक्त तीन माणसे: खालचे स्वर मे यांचे, मधले मर्क्युरी यांचे आणि अतिउंच स्वर टेलर यांचे. त्या काळच्या ध्वनिफितीवर चोवीस पट्टे असत. ते भरले की त्यांतील अनेक आवाज एका पट्ट्यावर एकत्र करून उरलेले मोकळे करायचे आणि पुन्हा गायचे, असा क्रम सुमारे १८० आवाज एकमेकांवर चढेपर्यंत चालला. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरील चुंबकीय थर झिजून ती उजेडासमोर धरल्यास आरपार दिसू लागली. दिवसाचे दहा-बारा तास गाऊन हा भाग पूर्ण व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. संगणकाच्या साहाय्याने ध्वनिसंपादन करणाऱ्या आजच्या वाचकाला यातील कष्टांची कल्पना येणे अवघड आहे. एखादी चूक झाल्यास मागे जाण्याची सोय जवळपास नव्हती.

प्रकाशन आणि यश

जवळजवळ सहा मिनिटांचे गीत रेडिओवर कोणी वाजविणार नाही, असे ध्वनिमुद्रिका कंपनीचे म्हणणे होते. गीत कापण्यास बँडने नकार दिला. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट यांना त्याची एक प्रत देण्यात आली होती. त्यांनी दोन दिवसांत ते चौदा वेळा ऐकविले आणि दुकानांत अद्याप न आलेल्या तबकडीची मागणी सुरू झाली. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ती प्रकाशित झाली.

त्या सुमारास क्वीनचा दौरा सुरू असल्याने दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष हजर राहणे शक्य नव्हते, आणि हे गीत रंगमंचावर जसेच्या तसे गाणेही शक्य नव्हते. म्हणून दिग्दर्शक ब्रूस गावर्स यांनी एल्स्ट्री येथे काही तासांत एक चित्रफीत तयार केली. गाण्याच्या प्रचारासाठी चित्रफीत काढण्याचा रिवाज रूढ होण्यात तिचा मोठा वाटा मानला जातो. गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि जानेवारी १९७६ अखेर त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तबकडीच्या मागील बाजूस टेलर यांचे गाणे होते. प्रत्येक विक्रीत त्यांनाही लेखक म्हणून मर्क्युरी यांच्याइतकेच स्वामित्वधन मिळाले आणि त्यावरून बँडमध्ये बरीच कुरकुर झाली. १९८९ च्या अल्बमपासून सर्व गीतांचे श्रेय चौघांच्या नावे देण्याचे ठरले.

२१ नोव्हेंबर १९७५ रोजी आलेला अल्बमही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तर अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. चौघांच्या आर्थिक विवंचना संपल्या. १८ सप्टेंबर १९७६ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्वीनने विनामूल्य कार्यक्रम केला, तेव्हा दीड लाखाच्या आसपास श्रोते जमले होते.

पुढील कारकीर्द

'वी आर द चॅम्पियन्स' (१९७७) आणि 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' (१९७९) ही मर्क्युरी यांची त्यानंतरची गाजलेली गीते. १९८१ मध्ये निघालेला 'ग्रेटेस्ट हिट्स' हा निवडक गीतांचा संग्रह ब्रिटनमधील आजवरचा सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. २०२२ पर्यंत तेथे त्याच्या ७० लाख प्रती खपल्या होत्या. त्याची सुरुवातही 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी'नेच होते. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावरील 'लाइव्ह एड' या दुष्काळनिधीच्या कार्यक्रमात क्वीनने जेमतेम वीस मिनिटे सादरीकरण केले. मर्क्युरी यांनी सत्तर हजारांवर प्रेक्षकांना हाताच्या इशाऱ्यावर गायला लावले. १९८८ मध्ये स्पॅनिश ऑपेरागायिका मोन्सेरात काबाये यांच्यासह त्यांनी 'बार्सेलोना' हा अल्बम केला. ऑपेराविषयीचे त्यांचे आकर्षण केवळ गमतीपुरते नव्हते, हे त्यातून स्पष्ट होते.

रंगमंचावर दिमाखदार असलेले मर्क्युरी खासगी आयुष्यात संकोची होते. मुलाखती ते टाळत आणि झांझिबार वा पाचगणीविषयी फारसे बोलत नसत.

आजार आणि निधन

१९८७ मध्ये त्यांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले. त्या काळी या आजारावर परिणामकारक उपचार नव्हते. वृत्तपत्रे सतत मागावर असतानाही ही गोष्ट त्यांनी जवळच्या वर्तुळाबाहेर जाऊ दिली नाही आणि ध्वनिमुद्रण सुरूच ठेवले. अखेरच्या महिन्यांत स्वित्झर्लंडमधील मोन्त्रो येथील स्टुडिओत त्यांनी गायिलेली गाणी १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' या अल्बममध्ये समाविष्ट करण्यात आली. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी निवेदनाद्वारे आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी केन्सिंग्टनमधील राहत्या घरी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जरथुष्ट्री धर्मगुरूंनी अंत्यविधी केले. त्यानंतर दहन झाले.

निधनानंतर 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' पुन्हा प्रकाशित करण्यात आले आणि ब्रिटनमध्ये ते दुसऱ्यांदा नाताळच्या वेळी पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली येथे झालेल्या स्मृती कार्यक्रमाच्या निधीतून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. २०१८ मध्ये त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटासाठी रामी मालेक यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.

मर्क्युरी यांच्या घरातील वस्तूंचा सप्टेंबर २०२३ मध्ये लंडन येथे लिलाव झाला. त्यात 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी'चा हस्तलिखित कच्चा खर्डाही होता. एका विमान कंपनीच्या कोऱ्या कागदांवर तो लिहिलेला असून त्यावर आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सोडी' असे शीर्षक देऊन 'मंगोलियन' हा शब्द खोडलेला दिसतो.