अदोनिराम जडसन : लहानपणीचा बाप्तिस्मा खरा होता का?

वाचकहो, आपल्याला काहीच कळत नसताना आई-वडिलांनी आपल्यावर केलेला संस्कार मोठेपणी आपला स्वतःचा म्हणता येतो का? आपल्याकडे बारसे, मुंज याबाबत हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अदोनिराम जडसन या अमेरिकन ख्रिस्ती मिशनऱ्यांना मात्र तो भर समुद्रात पडला, आणि तोही कोणी न विचारता.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १७८८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील माल्डन येथे झाला. वडील काँग्रिगेशनल पंथाचे धर्मगुरू होते. या पंथाच्या रीतीप्रमाणे जडसन यांना तान्हेपणीच बाप्तिस्मा मिळाला होता. पुढे ब्राउन विद्यापीठात शिकताना त्यांची श्रद्धा पार उडाली. ती परत आली विसाव्या वर्षी, स्वतःच्या शोधातून. म्हणजे पाहा, पाणी आधी पडले आणि विश्वास वीस वर्षांनी आला!

१९ फेब्रुवारी १८१२ रोजी ते पत्नी ॲन यांच्यासह 'कॅरवॅन' जहाजाने कलकत्त्याकडे निघाले. लग्नाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. जवळच श्रीरामपूरला (अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले हुगळीकाठचे) विल्यम केरी राहत होते. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापणारे तेच हे केरी. ते बाप्टिस्ट होते. बाप्टिस्टांच्या मते बाप्तिस्मा घ्यायचा तो स्वतः विश्वास कबूल करून, आणि पाण्यात पूर्ण बुडून. त्यांच्याशी वाद झालाच तर उत्तर तयार असावे म्हणून जडसन जहाजावर अभ्यासाला बसले. पण ग्रीक नव्या करारातील मूळ शब्दाचा अर्थ त्यांना 'बुडवणे' असाच दिसू लागला. शिवाय उद्या एखादा गृहस्थ ख्रिस्ती झाला, तर विश्वास न ठेवणाऱ्या त्याच्या मुलांना आणि नोकरांनाही बाप्तिस्मा द्यायचा का, हेही कोडे होते.

काँग्रिगेशनल बाजू पोकळ होती असे समजू नका. यहुदी बालकाची जशी सुंता होते, तसे विश्वासणाऱ्यांच्या बाळालाही देवाच्या कराराचे चिन्ह मिळावे, ही त्यांची धारणा. आजही अनेक ख्रिस्ती पंथ हेच मानतात. ॲन यांनी तर तुम्ही बदललात तरी मी बदलणार नाही, असे पतीला स्पष्ट सांगितले होते. कलकत्त्याला पोहोचल्यावर त्यांनी स्वतः अभ्यास केला आणि त्याही त्याच निष्कर्षाला आल्या.

श्रीरामपूरच्या मंडळींनी पाहुण्यांपुढे हा विषय काढलाच नव्हता. २७ ऑगस्टला जडसन यांचे पत्र आले तेव्हा त्यांनाच नवल वाटले. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्याच्या लालबाजार चॅपलमध्ये विल्यम वॉर्ड यांनी दोघांना बाप्तिस्मा दिला. इतरांना तो दुसरा वाटला, जडसन यांच्या लेखी मात्र तो पहिलाच होता. आधीचा बाप्तिस्मा त्यांच्या हिशेबात जमेलाच धरलेला नव्हता.

आता खर्चाची बाजू पाहा. त्यांना पाठवणारी संस्था काँग्रिगेशनल होती, म्हणून तिचा राजीनामा द्यावा लागला. परका देश, पगार बंद, आणि वर ईस्ट इंडिया कंपनीचा देश सोडण्याचा हुकूम! सर्वांत अवघड होते ते वडिलांना आणि मित्रांना कळवणे. त्यांच्याबरोबरच दीक्षा झालेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट जुन्या मतावर राहिले. ते १८१३ मध्ये मुंबईला आले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. ल्यूथर राइस यांनी मात्र जडसन यांच्यासारखाच निर्णय घेतला आणि मदत मिळवण्यासाठी ते अमेरिकेला परतले. १८१४ मध्ये फिलाडेल्फियाला बाप्टिस्टांची नवी संस्था उभी राहिली. काही वर्षांनी वडिलांचेही मत पालटले, आणि त्यांनी आपले धर्मगुरूपद सोडले.

जडसन जुलै १८१३ मध्ये रंगूनला पोहोचले. सहा वर्षे एकही माणूस पुढे आला नाही. २७ जून १८१९ रोजी माउंग नाऊ यांनी एका मोठ्या तळ्यात बाप्तिस्मा घेतला. काठावर गौतम बुद्धांची भव्य मूर्ती होती. नाऊ तेव्हा पस्तीस वर्षांचे होते.