डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : उपयोगी ज्ञानाची अमानत

ज्ञान ही अल्लाहची अमानत आहे आणि लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान माणसाच्या मृत्यूनंतरही त्याच्या सवाबात भर घालीत राहते, ही आपल्या दीनची शिकवण. मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांच्या चरित्रात तिचा प्रत्यय येतो.

त्यांचा जन्म 1898 मध्ये अलीगढ येथे झाला. तरुणपणी ते असहकाराच्या चळवळीत उतरले. जामिया मिल्लिया इस्लामियाच्या आरंभकाळाशीही त्यांचा संबंध होता. पुढे जर्मनीस जाऊन त्यांनी बर्लिन येथे रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्या काळी आधुनिक औषधांसाठी आपला देश बहुतांशी परदेशांवर अवलंबून होता. ही औषधे येथेच तयार व्हावीत या ध्यासाने त्यांनी 1935 मध्ये मुंबईत सिप्ला कंपनी स्थापन केली. 1937 मध्ये तिची पहिली औषधे बाजारात आली. स्वतःची अनेक औषधसूत्रे त्यांनी कंपनीस कोणताही मोबदला न घेता दिली. 1939 मध्ये गांधीजींनी त्यांच्या कारखान्यास भेट दिली.

औषधनिर्मितीत रसायनशास्त्राचा एक साधा नियम फार मोलाचा ठरतो. आम्ल आणि आम्लारी यांचा संयोग झाला की क्षार तयार होतो. यास उदासिनीकरण म्हणतात. हिवतापावरील क्विनाइन हे आम्लारी असून पाण्यात जेमतेम विरघळते. त्याचा सल्फेट क्षारही थोडाच विरघळतो. मात्र हायड्रोक्लोरिक आम्लापासून होणारा डायहायड्रोक्लोराइड क्षार थोड्या पाण्यातही सहज विरघळतो, म्हणून इंजेक्शनसाठी तोच उपयोगी पडला. औषध एकच, परंतु त्यास कोणत्या आम्लाची जोड द्यावी हे न जाणणाऱ्यास ते रोग्याच्या रक्तापर्यंत पोचविता येत नाही.

1942 मध्ये जपानने जावा बेट जिंकले आणि जगाचा क्विनाइनचा मुख्य पुरवठा तुटला. परावलंबनाची किंमत तेव्हा सर्वांना कळली. त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिच्या कल्पनेचा डॉ. हमीद यांनी आग्रहाने पाठपुरावा केला होता.

23 जून 1972 रोजी त्यांचे निधन झाले. आज राळेगावच्या एखाद्या घरात मधुमेहाची गोळी येते, तेव्हा पाकिटावर मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड असे नाव आढळते. त्यातील दुसरा शब्द याच क्षारविद्येची खूण आहे. आपल्या मुलामुलींनी तो नुसता वाचू नये, समजून घ्यावा. कारण रोग्याची खिदमत ही इबादत आहे आणि ज्ञानावाचून ती अपुरी राहते.

अल्लाह मरहूमांची मगफिरत करो. आमीन.